कप्तान घाट चढतात

सगळी नोकरी कचेरीतली खुर्ची झिजवण्यात घालवलेल्या या माणसाला निवृत्त झाल्यावर अचानक घाम गाळायची हौस आली. घरात पाण्याची बादली कधी उचलली नाही, पण महागडी सायकल उचलून जिना चढताना चेहरा असा, जणू डोंगरच खांद्यावर घेतलाय. सोबतचं टोळकं त्याला 'कप्तान' म्हणू लागलं आणि उरलंसुरलं डोकंही गेलं.

बायकोची हयात कापडगिरणीत मागासमोर उभ्याने गेलेली. ज्यातून ना कापड निघतं ना पगार, तो घाम तिच्या लेखी म्हणजे नुसतं वाढीव धुणं.

आणि सायकलची सीट तर काय बघावी! तळहाताएवढीही रुंद नाही, वर दगडासारखी टणक. तिच्यावर ओणवे होऊन कप्तान तासन्‌तास बसायचे, सगळा भार नको त्या जागी. घरी आले की मांड्यांच्या मधला भाग बधिर. मग मोरीत शिरायचे ते शिरायचेच. बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचे. पण थेंबाथेंबासाठी ताटकळणारा माणूस बंद दारामागूनही कळतो.

"अहो, आत झोपलात की काय?"

"स्ट्रेचिंग करतोय!"

"मोरीत?"

लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा तिने त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. वयाबरोबर मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, तो दोष सायकलच्या माथी नको. पण अशा सीटने खालच्या नसा दबतात, बधिरपणा त्याचाच. जळजळीलाही तिचा हातभार असू शकतो. रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची खबर देणारा आकडा, तपासू.

"तपासणीआधी दोन दिवस सायकल बंद. नाहीतर आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो."

कप्तानांनी मान डोलावली आणि तपासणीच्या आदल्याच दिवशी टोळक्यासोबत घाट चढून आले. "मी नसलो तर पुढे कोण राहणार?" म्हणाले. जणू यांच्यावाचून घाट खाली बसणार होता.

आकडा चढाच आला. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सायकल बंद होती ना?"

"हो तर! हातसुद्धा लावला नाही."

बायकोने जिभेवर आलेलं गिळलं. किती वेळ टिकतात, बघू तरी.

"मग कॅन्सर नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागेल. आधी स्कॅन, आणि गरज पडलीच तर सुईने प्रोस्टेटचा तुकडा काढायचा."

"सुई... कुठून?"

डॉक्टरांनी सांगितलं. कप्तान खुर्चीतून थोडे वर उठले आणि तसेच अधांतरी राहिले.

"अहो, आता तरी बोला," बायको म्हणाली. "सुई काही माझ्यात जायची नाही."

"डॉक्टर, म्हणजे... थोडीशी चालवली होती."

"किती थोडी?"

"जवळच. घाटापर्यंत."

"पायथ्यापर्यंत?"

आवाज तळाला गेला होता, पण फुशारकी मेली नव्हती. "नाही, वरपर्यंत. सगळ्यांच्या आधी पोचलो."

डॉक्टरांनी लिहायला घेतलेला कागद बाजूला सारला. आधी लघवी तपासू, जळजळीवर औषध देतो, काही आठवडे सायकल पूर्ण बंद; मग पुन्हा रक्त, आणि पुढचं त्यावर. "तोवर घाबरू नका. आणि खोटं बोलू नका."

बाहेर आल्यावर कप्तानांचा चेहरा उतरलेलाच होता. दुखणं मनाला लागलं असेल, असं वाटून बायको क्षणभर मऊ झाली.

"टोळक्याला काय सांगू गं?" ते म्हणाले.

"लघवी अडते म्हणून सांगा. त्यातल्या निम्म्यांची अडत असेल."

तेवढ्यात फोन वाजला. कप्तानांनी छाती पुढे काढली. "नाही जमणार रे काही दिवस. गुडघा! हो ना, परवाचा चढ भोवला. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढा दम त्यांनी कधी पाहिला नाही."

फोन खिशात घातला आणि भर रस्त्यात चक्क लंगडायला लागले. बायकोने एकदा मागे वळून पाहिलं, आणि चाल जराही कमी न करता ती पुढे निघून गेली.