धरायची राहिलेली यादी

मनिषा गेली तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. मी तिची आई, माझा मुलगा रमेश, त्याची बायको वैशाली, आनि शेजारची बेबीताई. बेबीताईनं तोंडात पानी घातलं. सकाळचे दहा वाजले होते, खळ्यात भात वाळत होतं. दीड महिना झाला त्याला. मी तिसरीपर्यंत शिकलेली. मी सांगते, वैशाली लिहून घेते.

मनिषा माझी धाकटी. तिचा बाप लवकर गेला. दुसऱ्याच्या शेतात लावनी केली, वांगी-काकडी डोक्यावर नेऊन विरारला विकली, पन तिची शाळा सुटू दिली नाही. ती आकड्यांचं शास्त्र शिकली, एका संस्थेत लागली, बोळिंजला भाड्यानं राहायची. पाड्यापाड्यातल्या लहान पोरांची वजनं तिच्याकडं यायची. कुठली पोरं सुकतायत ते ती कॉम्प्युटरवर काढायची, मग त्या पाड्याला जादा खाऊ मिळायचा. मी म्हनायची, खुर्चीत बसून कसली गं दमतेस? ती म्हनायची, तू एक दिवस बसून बघ, मग बोल.

पोटात गाठ निघाली तेव्हा तिला चांदीपला घरी आनली. काम दुसऱ्याला सोपवायचं म्हनून खाटेवर बसून जुनं सगळं तपासायची. एका दुपारी मी भाकऱ्या थापत होते. कॉम्प्युटरवर तिची बोटं थांबली.

"आई," ती म्हनाली, "निकितानं काहीच केलं नव्हतं."

निकिता तिच्या हाताखाली होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची, कामनला खोली घेऊन एकटी राहनारी. वजनकाटा पाठीवर घेऊन पाडे चढायची. काटा अर्धा किलो जास्त दाखवतो, हे तिनंच सांगितलेलं. मनिषानं त्या पाड्यांच्या यादीतनं तेवढं वजा करायची सोय केली होती. तरी शेवटी त्या पाड्यातली पोरं धडधाकट दिसली आनि खाऊतनं सुटली. पुढं कोनी जाऊन बघितलं तर पोरांच्या फासळ्या मोजता येत होत्या. साहेब म्हनाले, पोरीनं घरात बसून वजनं लिहिली. मनिषाला विचारलं, तर तीपन म्हनाली, तसंच असेल. निकिताला काढून टाकली.

मी विचारलं, मग चुकलं कुठं? तिनं मला समजेल असं सांगितलं. कॉम्प्युटरात कामाचे तुकडे असतात. एक तुकडा दुसऱ्याला यादी देतो, दुसरा आपलं काम करून परत देतो. पन दुसऱ्याच्या हातात जाते ती नक्कल. दुरुस्ती नकलेवर होते. ती परत आली की पहिल्या तुकड्यानं धरून ठेवायची असते. मनिषानं यादी दिली, ती दुरुस्त झाली, परतपन आली... धरायची राहिली. पुढचं सगळं जुन्या यादीवरच झालं.

मी म्हनले, "दळन गिरनीत टाकलं आनि आनायला कोन गेलंच नाही, तसं?"

"तसं असतं तर बरं होतं, आई. दळण दिलं की डबा रिकामा होतो, लगेच कळतं. इथं जुनी यादी घरात तशीच भरलेली असते. म्हणून मला कळलंच नाही." मग म्हनाली, "आणि मी तिला खोटी ठरवली."

तव्यावरची भाकरी करपली. मी ती काढून कोंबड्यांना टाकली.

तिनं संस्थेला पत्र लिहिलं. यादी त्यांनी गुपचूप सुधारली, त्या पाड्यांना खाऊ सुरू झाला. निकिताचं विचारलं तर साहेब फोनवर म्हनाले, मॅडम, जुनं उकरू नका, तब्येत सांभाळा. निकिताचा फोन बंद लागायचा. मनिषाला उठवत नव्हतं, म्हनून मी आनि रमेश कामनला गेलो. गोडाऊनच्या मागं तिची खोली होती, तिथं आता दुसरी मानसं. मालकीन दारातच उभी राहिली.

"ती होय? खोटी वजनं लिहिनारी? गेली सोडून. कुठं ते नाही सांगितलं."

घरी आल्यावर मनिषानं विचारलं, भेटली? मी नाही म्हनले. मालकिनीचं बोलनं सांगितलं नाही. रमेशनं सांगितलं. त्या दिवसापासून मनिषा जेवायची बंद झाली. डॉक्टर म्हनाले, आजारानं असं होतं. असेल.

शेवटचे आठ दिवस ती दुसरं काही बोलली नाही. सांगायचं राहिलं, एवढंच. बेबीताई समजवायची, देवाला सगळं माहीत आहे गं. मनिषा म्हनायची, देवाला माहीत असून काय उपयोग, कामनच्या मानसांना माहीत पाहिजे.

म्हनून मी हे पेपरात द्यायला लावलं. तुमच्यात कोनी निकिताला ओळखत असेल, तिच्या गावचं, तिच्या नात्यातलं, तर तिला सांगा की वजनं तिनं खरी लिहिली होती. चूक माझ्या मुलीची होती. आनि एकटीला सांगू नका. चार मानसं बसली असतील तिथं सांगा.