एसेक्विबोचा बांध

कांचन ढोबळे आटपाडीकडची. नवऱ्यानं, एकनाथनं, कॉम्प्युटरच्या नोकरीपायी तिला न्यू जर्सीत आणली, तेव्हा तिच्या बॅगेत लोखंडी तवा होता आणि तोंडात विमानतळावरच्या साहेबासाठी तयार ठेवलेल्या चार शिव्या. साहेबानं शिक्का मारून सोडून दिलं. शिव्या उरल्या. त्या ती अजून पुरवून पुरवून वापरते.

आयसेलिनला ओक ट्री रोडवर साड्यांच्या एका दुकानामागं तिचं किचन आहे. पुण्या-नागपूरकडची आयटीतली पोरंपोरी डबे न्यायला येतात. "काकू, तिखट जरा कमी करा ना यार," असं कुणी म्हटलं की कांचन म्हणते, "मग दूध पी, बाळा."

एवढ्या डब्यांच्या भाकऱ्या एकटीनं उरकंनात, आणि थापायला तिला मराठी बाई काही मिळंना. जी यायची ती एमबीए झालेली निघायची, आणि पिठापेक्षा जास्त सल्ले मळायची. शेवटी मिळाल्या त्या दोघी दक्षिण अमेरिकेतल्या. मारिबेल व्हेनेझुएलाची. तिकडं मक्याच्या पिठाची अरेपा करतात, म्हणजे जाडजूड भाकरीच म्हणा. ती लहानपणापासून हातावर थापत आलेली. बाजरीचं पीठ दिलं आणि बघता बघता तिच्या भाकरीला टम्म पापुद्रा सुटायला लागला. दुसरी द्रुपती, गयानाची. तिच्या पणजीला इंग्रजांनी उसाच्या मळ्यात राबायला जहाजात घालून नेलेलं. घराण्यातली भाषा समुद्रात बुडाली, पण डाळ भरलेली पुरी तरंगत राहिली. त्यात गूळ पडला की झाली पुरणपोळी. तिच्या पुरणपोळीची कृती विचारायला पुण्याच्या बायका यायच्या, आणि समोर द्रुपती दिसली की पत्ता चुकल्यासारखं करायच्या.

कांचन एकीला बेलाबाई म्हणायची, दुसरीला द्रौपदी. तिघींचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. शिव्या मात्र जिच्या तिच्या शुद्ध मातृभाषेत.

तेवीस सालच्या डिसेंबरात ह्या संसारात माती पडली.

गयाना आणि व्हेनेझुएला सख्खे शेजारी. एसेक्विबो नावाची नदी गयानातून वाहते. तिच्या पश्चिमेचा सगळा मुलूख आमचा, हे व्हेनेझुएलाचं म्हणणं शंभर वर्षांहून जुनं. इतके दिवस ते कागदात झोपलेलं. मग गयानाच्या समुद्रात तेल लागलं. गावाजवळून हायवे जाणार म्हटल्यावर चुलत्याला जसा आज्याच्या वेळचा बांध आठवतो, तसं झालं. व्हेनेझुएलानं मतदान घेतलं, तो मुलूख आपल्यात दाखवून नकाशा काढला, आणि टीव्हीवर लढाईची भाषा सुरू झाली.

कांचननं फोनवर तो नकाशा बघितला. "अगं बया! ह्यो बांध कोरणं न्हवं. ह्यांनी तर निम्म्याहून जास्त रानच उचललं की!"

दुसऱ्या दिवशी द्रुपतीनं ओट्यावर पिठाची रेघ मारली. "हिचा हात ह्या रेघेच्या आत आला तर लाटणं घालीन."

मारिबेलनं परात रेघेला खेटून ठेवली. "ही जागा आमची आहे. आजीच्या काळापासून."

"तुझी आजी न्यू जर्सीत कधी आली होती गं?"

कांचननं फडक्यानं रेघ पुसली. पण ओट्यावरची पुसून काय होतंय? दोघींचं बोलणं बंद. आणि बोलणं बंद असलेल्या बायकांच्या हातची भाकरी कशी होते, ते ज्यानं खाल्लीय त्यालाच ठाऊक.

त्यात चंपाषष्ठी तोंडावर आलेली. निवृत्त डॉक्टर गिरीशकाका आणि त्यांच्या मंडळींचा खंडोबाचा नैवेद्य कांचनकडं होता. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, पुरणपोळी. आदल्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी भाकरी म्हणून बिस्किटं वाढलेली, म्हणून ह्या वर्षी कांचननं छातीठोक शब्द दिलेला. आणि द्रुपतीनं सांगून टाकलं, "त्या दिवशी एक तर ती, नाही तर मी." एक गेली तर पोळी जाणार, दुसरी गेली तर भाकरी. मग किचनला कुलूपच.

गिरीशकाका चौकशीला आले. झालेला प्रकार ऐकून म्हणाले, "कांचनबाई, ह्यात अवघड काय आहे? द्रुपती आपल्यातली, हिंदू. दुसरीला काढून टाका."

"आन् भाकरी तुमी थापताय व्हय?"

"मी? अहो, मी हार्टचा डॉक्टर."

"मग हातांचं आमी बघतो. तुमी हार्ट घेऊन घरी जावा."

चंपाषष्ठीला सकाळी दोघी आल्या. एक एका भिंतीला, दुसरी दुसऱ्या. पिठाला कुणी हात लावीना.

कांचन म्हणाली, "आमच्याकडं बांधाचं भांडण बांधावर जाऊन करत्यात. घरात धुमसत बसत न्हाईत. जावा दोघी मागल्या दारी, कचऱ्याच्या पेटीपाशी. कमरेवर हात ठेवा आन् तोंड मोकळं सोडा. अंगाला हात लावायचा न्हाई. तवा तापला की आत."

दोघी खरंच गेल्या. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. कांचन वांगी भाजत दाराच्या फटीतून ऐकत होती. आधी देश निघाले, मग दोन्ही देशांचे पुढारी, मग आया.

आईवर गेल्यावर द्रुपती फुटली. "माझ्या आईचं नाव घेऊ नको! ती तिथंच राहते, एसेक्विबोच्या किनाऱ्याला. भाताची शेती आहे. रोज विचारते, घर सोडून जाऊ का म्हणून."

मारिबेलचे कमरेवरचे हात खाली आले. मग म्हणाली, "माझ्या बहिणीचा मुलगा फौजेत आहे. त्याला सरहद्दीवर धाडलंय. बूट फाटलेत म्हणतो."

"बंदूक आहे?"

"आहे."

"गोळ्या?"

"देवाला माहीत. जेवणच धड नाही."

"माझ्या आईकडं कोयता आहे."

"मग त्याला पळूनच जायला सांगते."

"पळून जाईल कुठं? मधे सगळं जंगल." द्रुपतीनं नाक पुसलं. "पार किनाऱ्यापर्यंत आलाच, तर भातगिरणीच्या पुढचं निळं घर. माझं नाव सांग म्हणावं. आई आधी कोयता दाखवील, मग जेवायला वाढील."

"आणि कोयता खरंच चालवला तर?"

"चालवत नाही. आम्ही सगळी भावंडं तशीच जेवलोय."

"तवा जळतोय गं भवान्यांनो!" कांचन आतून ओरडली.

दोघी आत आल्या. नाकं लाल, बोटं आखडलेली. एकमेकींकडं बघितलं नाही. द्रुपतीनं पुरणाचं पातेलं पुढ्यात घेतलं. मारिबेल परातीपाशी बसली, पण पिठाला हात लावायच्या आधी तिनं फोन काढला.

"निळं ना?" तिनं विचारलं.

"निळं. दार हिरवं. कुत्रं भुंकतं, चावत नाही."

"बेलाबाई, फोन मागनं," कांचन म्हणाली. "आधी भाकरी."

"काकू, बहिणीला पत्ता पाठवतेय."

 कांचननं परात स्वतःकडं ओढली आणि तवा रिकामा राहू नये म्हणून पहिली भाकरी आपणच थापून टाकली.