जाहिरातीतली अडाणी

"हिका बसयात. सुपां विणपी बायलेची धूव ही. हिका जमलें जाल्यार गोरवांकूय जमतलें."

गोरवांना. म्हणजे गुरांना. सुपं विणणाऱ्या बाईच्या ह्या मुलीला जमलं, तर गुरांनाही जमेल.

हे माझ्याबद्दल बोललं गेलं. माझ्यासमोर. डिचोलीतल्या एका दुकानाच्या माडीवर, खाणींच्या कचेऱ्यांतून आलेल्या पंधरा-वीस साहेबांच्या देखत. बोलणारा माझा मालक. सगळे त्याला बाब म्हणायचे. मीही म्हणायचे.

टेबलावर नवा कॉम्प्युटर होता. त्याला कुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला. खोलीच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. देवळात जाताना काढतात तशा चपला काढून साहेब लोक आत आले होते, आणि पातळभाजी-पाव खाऊन आता भिंतीला चिकटून उभे होते. बाब विचारत होता, कोण चालवून बघतो? कोणी पुढे येईना. सगळे भ्यालेले. मोडलं तर काय, आणि जमलं नाही तर चारचौघांत हसं होईल. एकेक जण दुसऱ्याला पुढे ढकलत होता. तेव्हा बाबाची नजर माझ्यावर गेली. मी दाराशी कागद वाटायला उभी होते.

सगळे हसले. भ्यालेली माणसं मोकळी होऊन हसतात तशी.

मी बसले. माउस धरला. पडद्यावरचा बाण हलवला, एका चित्रावर नेला, दाबला. चौकट उघडली. त्यात एक गोल काढला, एक झाड काढलं. टाळ्या पडल्या. त्या यंत्राला होत्या. मी उठले तशी बाबानं शिपायाला खूण केली. त्यानं ओल्या फडक्यानं माउस पुसला, मग खुर्ची पुसली. मग साहेब लोक रांगेनं बसायला लागले.

मी त्या दुकानात टायपिस्ट होते. माझी आई सिंधुदुर्गातली, लग्न होऊन नदीकाठच्या चोपड्याला आली. बांबू फोडून सुपं, पाट्या, डाल्या विणायची आणि दर शुक्रवारी डोक्यावर भारा घेऊन फेरीबोटीनं नदी ओलांडून म्हापशाच्या बाजाराला जायची. आमची घरं गावाच्या टोकाला. जात कोणी विचारायचं नाही. सूप बघितलं की कळायची. ह्या वरच्या लोकांच्या घरी बाळ जन्मलं की त्याला आधी सुपात ठेवायचं, लग्नात सूप पाहिजे, दिवाळीला सूप पाहिजे. ते चालतं. ते विणणारा हात चालत नाही. दुकानात माझा चहाचा कप खिडकीत वेगळा पालथा असायचा, आणि मी तो बिनबोभाट धुऊन परत पालथा घालायचे. दीड वर्षं घातला. हेही लिहिलं पाहिजे.

मी मुक्तीनंतर, फिरंगी राज्य गेल्यावर जन्मले, म्हणून शाळा पाहिली. मॅट्रिक झाले, म्हापशाला टायपिंग शिकले. बाबानं मला ठेवून घेतलं ते माझी बोटं त्याच्या पुतण्यापेक्षा दुप्पट वेगानं चालत होती म्हणून. दया नव्हती त्यात.

बाबाचं दुकान टाइपरायटर विकण्याचं आणि दुरुस्तीचं. मग त्यानं ह्या चित्रांच्या कॉम्प्युटरची एजन्सी घेतली. रस्त्याच्या पलीकडे त्याच्या चुलतभावाचं दुकान. दोघांचं वडिलोपार्जित जमिनीवरून वाकडं होतं. ह्यानं एक घेतली म्हणून त्यानं दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरची एजन्सी घेतली. तो काळ्या पडद्याचा. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही. हिरवी अक्षरं, आणि हुकूम टाइप करून द्यायचा. पेडण्यापासून वाळपईपर्यंत मग दोघांची जुंपली. हा म्हणायचा, माझा सोपा. तो म्हणायचा, माझा खरा. दोघांनाही स्वतःचं यंत्र चालू कसं करतात ते ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. बाबाच्या कॉम्प्युटरच्या खोक्यात पुस्तक आलं होतं. कोणी ते उघडलं नाही. इंग्रजी होतं, जाड होतं, आणि हे दोघे फक्त एकमेकांच्या जाहिराती वाचत. मी ते घरी नेलं, शब्दकोश घेऊन बसले. दोन रविवारांत यंत्र चालवता यायला लागलं. काळ्या पडद्याचाही येत होता, म्हापशाच्या टायपिंगच्या क्लासात एक आणून ठेवला होता त्यावर शिकले होते. खरं सांगायचं तर चित्रांचा पहिल्या दिवशी सोपा, नंतर हळू. काळा पहिल्या दिवशी अंगावर येतो, मग वीस-पंचवीस शब्द पाठ झाले की टायपिस्टचा हात त्यावर पळतो. एवढंच. एवढ्यासाठी दोन घरं एकमेकांची थोबाडं रंगवत होती. मला विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. मला कोण विचारतो!

माडीवरचा तो खेळ बाबाला फार आवडला. त्या दिवशी ऑर्डरी मिळाल्या. मग दर प्रयोगाला मला बसवायचं ठरलं. तोवर दुकानाची सगळी बिलं, सगळा पत्रव्यवहार मी त्याच यंत्रावर करायला लागले होते. पण गिऱ्हाईक आलं की मी अडाणी व्हायचं. सकाळी नऊ ते अकरा बिलं करणारी, अकरा वाजता माउसकडे बघून दचकणारी. घड्याळ काढायचं. चष्मा काढायचा. केसांना तेल थापायचं.

एकदा बाब म्हणाला, "फाल्यां येतना एक सूप घेवन यो गो."

मी दुसऱ्या दिवशी नेलं. आईनं विणलेलं, शेणानं सारवलेलं नवं सूप. म्हापशाहून फोटोग्राफर आला होता. एका काखेत सूप, दुसरा हात माउसवर, तोंड उघडं. "आणखी उघड," फोटोग्राफर म्हणाला. मी उघडलं.

पंधरा दिवसांत कागद छापून आले. वर माझा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत, "हिला जमलं. तुम्हांला नाही जमणार?"

चुलतभाऊ गप्प बसणारा नव्हता. त्याचाही कागद निघाला. त्यात फोटो नव्हता, सुपाचं चित्र होतं आणि त्याच्यावर फुली. "आमचा कॉम्प्युटर सुपं विणणाऱ्यांसाठी नाही. डोकं असणाऱ्यांसाठी आहे."

बघा दोघांची अक्कल. एक म्हणतो, इतका सोपा की हिलाही येतो. दुसरा म्हणतो, इतका मोठा की हिला येणारच नाही. जमिनीच्या एका तुकड्यावर ह्यांचं जन्मात एकमत झालं नाही. मी कोण ह्यावर एका आठवड्यात झालं.

मला राग आला होता का? नाही. हे सांगायला लाज वाटते, पण नाही. मला वाटायचं, नोकरी आहे, असं चालायचंच. फोटोत आपण बऱ्या दिसतो असंही एकदा वाटून गेलं.

मग शुक्रवार आला. सुट्टी होती, मी आईला मदतीला म्हापशाच्या बाजारात गेले. मला लांबून बघूनच तिनं हात हलवला. शेजारी चवळी विकणारी, मडकी विकणारी, सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. आईनं पोलक्यातून घडी घातलेले दोन कागद काढले.

"तुझो फोटो इलो गो! सगळ्या बाजारात वाटतत." तिचे डोळे भरून आले होते. तिला वाचता येत नव्हतं. सकाळपासून तिनं तो कागद येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला होता आणि कोणीही तिला सांगितलं नव्हतं त्यात काय आहे. "काय लिवला हा? वाच. माका आयकांदे."

खोटं सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं, की लिहिलंय, ही मुलगी फार हुशार. पण मडकीवाली शेजारी होती, तिला वाचता येत होतं, आणि ती खाली बघत होती. मी वाचलं. पहिला कागद वाचला. मग दुसराही वाचला.

आईनं फोटोतल्या सुपावर बोट ठेवलं. एक गिऱ्हाईक सूप उचलून भाव विचारत होतं, तिकडे तिनं बघितलं नाही.

"ह्यां सूप माझाच मां?"

"होय."

"तू कित्याक बसलंस थय?"

"मालकान सांगल्यान."

"मालकान सांगल्यान म्हणान तू अडाणी झालंस?"

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तिनं पदरानं ते सूप पुसलं, गिऱ्हाइकाला दिलं, आणि दिवसभर माझ्याकडे पाठ करून विकत बसली. मी तिच्या पोटी जन्मून, तिच्या विणकामावर शाळा शिकून, तिचंच सूप काखेत धरून तिचं भर बाजारात हसं केलं होतं. बाबानं एक अपमान केला. उरलेले सगळे मी केले, त्याच्या हुकमानं, तोंड उघडं ठेवून. त्या रात्री मी झोपले नाही असं लिहिणार नाही. झोपले. सकाळी उठले तेव्हा ठरलं होतं.

पुढच्याच आठवड्यात म्हापशाच्या एका सभागृहात प्रदर्शन होतं. दोन्ही भावांचे मांडव समोरासमोर. माणसं पुष्कळ, खाणींचे साहेब, शिक्षक, सरकारी कचेऱ्यांतले कारकून. बाब माइकवर होता. माइकवर तो शुद्ध मराठी बोलायचा.

"आता पाहा! जिनं आयुष्यात कधी कॉम्प्युटर पाहिला नाही, अशी एक अडाणी बाई..."

मी पुढे गेले. केस रोजच्यासारखे, डोळ्यांवर चष्मा, हातात घड्याळ. बाबानं माइकवर हात ठेवला.

"सूप खंय?"

"घरा आसा."

"बस, बस."

"बसना. बाब, आज तुमी बसात."

मी बसणार नाही, तुम्ही बसा, हे मी मोठ्यानं बोलले. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. ते हसले, टाळ्या वाजवायला लागले. बसा, बसा, म्हणू लागले. बाबाला बसावं लागलं.

त्यानं माउस उचलला. टेबलावरून उचलला, हवेत, आणि बॅटरी धरावी तसा पडद्यावर रोखून दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. मग पडद्याच्या काचेवर टेकवून दाबला. वर्षभर हे यंत्र विकणारा माणूस. गळ्यात सोन्याची साखळी, कपाळावर घाम.

मी वाट बघत होते, लोक हसतील म्हणून.

कोणीही हसलं नाही.

"नवें आसा, सवकास जमतलें," खाणीचे एक साहेब प्रेमानं म्हणाले. दुसरे म्हणाले, "ह्या वस्तूंना सवय लागते हो." एकानं तर पुढे होऊन बाबाच्या पाठीवर हात ठेवला.

तिथे मला सगळं दिसलं. पहिल्या दिवशी यंत्र कोणालाच येत नाही. पण बाबाला येत नाही तेव्हा ते यंत्र नवीन असतं. मला येत नाही तेव्हा मी गुरांतली असते. आणि मला येतं तेव्हाही गुरांतलीच असते, फक्त यंत्र सोपं असतं. ह्या खेळात मी जिंकण्याची सोयच ठेवलेली नव्हती. मी किती शिकले ह्याला काही अर्थ नव्हता, जोवर मी त्यांच्या खुर्चीत त्यांनी सांगितल्यासारखी बसत होते.

मी माइक घेतला. जाहिरात मराठीत होती म्हणून मीही मराठीत बोलले. "ह्या दुकानाची वर्षभराची बिलं ह्या मशीनवर मी केली आहेत. समोरचं मशीनही मला येतं. मी अडाणी नाही. तुम्हांला इतके दिवस खोटं दाखवलं, आणि ते दाखवायला मी बसले. आता बसणार नाही."

"तुका पिशें लागलां?" बाब ओरडला. आवाज फाटला त्याचा.

समोरच्या मांडवातून चुलतभाऊ धावत आला. त्याला आनंद मावत नव्हता. माझ्या कानाशी येऊन मला आपल्या दुकानात बोलावत म्हणाला, "आमगेर यो. बरी साडी नेसोवन तुजो नवो फोटो काडटां."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला खरोखरच वाटत होतं की तो उपकार करतोय. "तुमच्या कागदावर फुली मारली ती माझ्या आईच्या सुपावर," मी म्हटलं आणि निघाले.

चार दिवसांनी दुकानातले म्हातारे कारकून फेरीनं चोपड्याला आले. आमच्या घरात ते पहिल्यांदा येत होते. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेलाच उभे राहिले. आईनं पाणी विचारलं, नको म्हणाले.

"बाब सांगता, जालें तें विसर. बिलां आडकल्यांत. कोणाकच जमना. सूप हाडूंक नाका."

सूप आणू नको. एवढी सूट मिळाली होती मला. घरात पैशांची गरज होती, दुसरी नोकरी नव्हती, आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बाबांना सांगा, मशीनचं पुस्तक मी परत आणून ठेवलंय, दुकानातल्या कपाटाच्या खालच्या खणात आहे. वाचता येतं ना त्यांना?"

कारकून गेले.

त्यानंतर कितीतरी यंत्रं आली. तेव्हाची दोन्ही भंगारात गेली. जाहिराती मात्र तशाच निघतात. आजीलाही येतो, शेतकऱ्यालाही येतो, कामवालीलाही येतो. त्या 'ही'वर माझं बोट पहिलं जातं. प्रत्येक जाहिरातीत कोणाला तरी तोंड उघडं ठेवून बसवलेलं असतं. मी आता पेडण्यात कॉम्प्युटर शिकवते. नवीन आलेल्याला सोपं आहे असं कधी सांगत नाही. सोपं म्हटलं आणि नाही जमलं की तो मूर्ख ठरतो. मी सांगते, नवीन आहे. जे साहेब लोक एकमेकांना सांगतात तेच सांगते.

येतील तेवढी यंत्रं येवोत, मी शिकेन. पण कोणाचा माल सोपा आहे हे दाखवायला मी खुर्चीत बसणार नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत कोणाला बसवलं तर मी त्याला उठवीन. हाताला धरून. सगळ्यांच्या समोर.