धुरपताबाईसाठी मारलेली रेघ

धुरपताबाई कबड्डी बघायला बसली की शेजारची माणसं जरा सरकून बसतात. मैदानात कोणी कोणाची टाच धरली की इकडे बाई शेजारच्याचा पाय धरते, आणि तिकडे गडी सुटला तरी इकडचा पाय काही लवकर सुटत नाही. नत्थूजी चहावाल्याचा घोटा एकदा असा धरला होता की तो दोन दिवस लंगडत चहा देत होता. नवरा चांगला खेळाडू होता. तो गेला, पण खेळ बाईच्या अंगात ठेवून गेला.

बाकी बाई शांत. सकाळी विहारात जाऊन वंदना घेते, पंचशील म्हणते, मग डबा बांधून कापूस वेचायला जाते. शिवाय ती गावच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, बाकी सगळीकडे मिळते. म्हणून मंडळाला कामाची कमी नाही.

मागच्या हिवाळ्यात दिवेलागणीला मंडळाच्या बायकांनी नाल्याच्या पुलावर एक मोटरसायकल अडवली. दोन्ही बाजूंना मोहाच्या दारूच्या डबक्या, म्हणजे प्लास्टिकचे कॅन, लटकवलेल्या. पोरगा गाडी टाकून पळाला. लीलाबाईच्या हाताखालून गेला, तानाबाईला हूल दिली, दोघी-तिघी एकमेकींच्या अंगावर पडल्या. शेवटी धुरपताबाईने झेप घेऊन त्याचा घोटा धरला आणि पोलीस येईपर्यंत सोडला नाही. पंचनाम्यावर सही करताना जमादाराला म्हणाली, "पोट्टं गुन्हेगार हाये साहेब, पन निसटते मोठं गोड."

पोट्टं निघालं भैयाजीच्या बहिणीचं. नाव अश्विन. भैयाजी गावच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष. त्याने भाच्याचा जामीन केला, त्याला घरी आणलं, दोन कानाखाली दिल्या आणि तिसऱ्या दिवशी मैदानावर उतरवलं. आणि जो संघ दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरून दुपारच्या एसटीने परत यायचा, तो या साली समुद्रपूरच्या स्पर्धेत एकेक सामना मारत अंतिम फेरीत पोचला.

मग नत्थूजीच्या टपरीवर दोन पार्ट्या पडल्या.

"गावाचं नाव छातीवर लावून कोर्ट-केसवाला पोट्टा खेळवता," हरिदास म्हणायचा. तो पोस्टातून निवृत्त झालेला, म्हणून त्याला नियमाचं फार. "उद्या लोक म्हनतील, या गावात दुसरा कोनी भेटला नाई का?"

"नाईच भेटला," नत्थूजी म्हणायचा. "तुमचा पोट्टा खेळत होता ना बाप्पा मागच्या साली. मध्यरेषा ओलांडाच्या आधीच त्याचा दम जात होता."

"तो शिकलेला हाये."

"मंग शिकवाले पाठवा. चढाईले कायले पाठवता?"

हा वाद रोज व्हायचा आणि शेवटी दोघंही एकाच गोष्टीवर यायचे : धुरपताबाई काय म्हणते? बाई काहीच म्हणत नव्हती. पोराने दारू आणली हे तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं, आणि पोराची चढाईही तिच्याच डोळ्यांनी पाहिलेली. दोन्ही खरं, मग म्हणायचं काय? ती फक्त येऊन पहिल्या रांगेत बसायची आणि कोणाचा तरी पाय धरायची.

अंतिम सामना रविवारी आला. गाठ तळेगावच्या संघाशी. आणि सोमवारी कोर्टात अश्विनच्या केसची तारीख, साक्ष धुरपताबाईची. भैयाजी घाबरला. वकिलाने जामिनाच्या वेळी सांगितलं होतं की साक्षीदाराच्या जवळ जायचं नाही. भैयाजीच्या डोक्यात एकदम उजेड पडला : बाई पहिल्या रांगेत बसते. तळेगाववाल्यांनी फोटो काढला तर? जामीन जाईल आणि सामनाही.

शनिवारी तो नत्थूजीला घेऊन बाईच्या घरी आला. सुनेने, काजलने, पाणी दिलं.

"काकू," भैयाजी म्हणाला, "उद्या तुम्ही घरीच राहाल का?"

"काऊन? मले काय झालं?"

"तुम्हाले नाई, त्याले झालं. कायदा हाये तसा. आरोपी आन साक्षीदार एका जागी नाई पाह्यजे."

"मंग त्याले घरी ठेव."

नत्थूजी खाली बघून हसला. भैयाजीने घाम पुसला आणि आवाज बारीक केला. "आनखी एक होतं. सोमवारी... आता संध्याकाळची वेळ, उजेड कमी. चेहरा काही नीट दिसला नाई, असं म्हनलं तं कोनाचं काय जाते? गावाचा पोट्टा हाये."

बाईने हातातली वात वळून पूर्ण केली, मग बोलली. "भैयाजी, मी रोज सकाळी विहारात बुद्धासमोर म्हनतो का खोटं बोलनार नाई. सोमवारच्या दिवशी त्याले काय सांगू? आज सुट्टी दे म्हनू?"

भैयाजीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"आन सामना मी पाहीन. एवढ्या वर्षानं गाव फायनलले आलं. मी काय घरी बसून कुकरच्या शिट्ट्या मोजू?"

तोड काजलने काढली. मैदानाच्या पार मागे, बाभळीखाली चुन्याच्या फक्कीने एक वेगळी रेघ मारायची. बाईने रेघेच्या पलीकडे बसायचं, अश्विनने इकडे यायचं नाही. भैयाजीला ते पटलं. त्याने वरून एक अट घातली. "आन काकू, ओरडाचं नाई. तुम्ही ओरडल्या का तो तुमचं आयकते. बोलनं झालं ते. साक्षीदाराशी बोलनं म्हनजे संपलं."

बाईने शब्द दिला. द्यायला नको होता, असं तिला सामन्याच्या उत्तरार्धात वाटलं.

रविवारी रेघेपलीकडे सतरंजीवर ती एकटी बसली होती. धरायला पाय नव्हता म्हणून तिने बाभळीच्या बुंध्याला हात घातला. अश्विन सुरुवातीला मोकळा खेळला. पण तळेगावच्या डाव्या कोपऱ्यात एक ठेंगणा पोरगा होता, आणि बाईच्या लक्षात आलं की तो अश्विनचं तोंड बघतच नाही, पाय बघतो. परत फिरताना अश्विनचा मागचा पाय जमिनीवर रेंगाळत होता. थकल्यावर जास्तच.

"काजल, धाव. भैयाजीले सांग, त्याचा मागचा पाय राहून राह्यला. कोपऱ्यावाला घोटा धरन."

काजल धावली, आणि तशीच परत आली. "भैयाजी म्हनते, निरोप पाठवनंबी बोलनंच होते. कायद्यात बसत नाई."

"अवं, मंग तुह्या मनानं सांग ना."

"सांगतलं. ते म्हनते, तुह्या मनात हे कुठून आलं?"

शेवटची चढाई राहिली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. अश्विन गेला, एकाला हात लावला आणि वळला. मागचा पाय राहिला. बाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. ठेंगण्या पोराने वाकून नेमका घोटा उचलला, आणि तळेगावच्या बाजूने गुलाल उडाला.

परतीच्या टेम्पोत कोणी बाईशी बोललं नाही. हरिदास तेवढा म्हणाला, "एक आवाज दिला असता तं कप गावात राह्यला असता." ज्याला केसवाला पोरगा नको होता, त्यालाही आता कप हवा होता. पदराला दातांनी भोक पडलं होतं, तिकडे बाई बघत होती.

सोमवारी कोर्टात तिने जे पाहिलं ते सांगितलं. अश्विनच्या वकिलाने विचारलं, "संध्याकाळची वेळ, उजेड कमी. हाच मुलगा कशावरून?"

"त्याच्या निसटन्यावरून," बाई म्हणाली. "तीन बाया चुकवून गेला साहेब. असं निसटनारा आपल्या जिल्ह्यात दुसरा नाई. तुम्ही कालचा सामना पाह्यला असता तं तुम्हीबी ओळखला असता."

वकील कागद आवरून खाली बसला. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

बाहेर पायरीवर भैयाजी वकिलाला सांगत होता की आम्ही अट किती पाळली, बाईला बाभळीखाली बसवलं, निरोपसुद्धा घेतला नाही. वकील त्याच्याकडे बघतच राहिला. "अहो, तिला धमकवायचं नाही, एवढीच अट होती. तिने तुमच्या मैदानात बसून शिट्ट्या मारल्या असत्या तरी कोर्टाला काय?"

भैयाजी पायरीवर खाली बसला.

अश्विन भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच बाईजवळ आला. "मावशी, आता बोलता येते का?"

"साक्ष झाली. बोल."

"राग आला होता मले तुमचा. आत्ताबी हाये थोडा."

"असू दे. डबक्या तुह्याच होत्या."

"होत्या," तो म्हणाला. "काल काय चुकलं माहं?"

बाईने आजूबाजूला पाहिलं, पदर खोचला आणि कोर्टाच्या पायरीवर बैठक मारली. "इकडे ये. वळून दाखव." तो वळला, आणि तिने झप्पकन त्याचा घोटा धरला. "हा पाह्य. हा तुहा पाय मांगं काय करून राह्यला? वळ्याच्या आधी उचल. आन ध्यान ठेवजो, पुन्हा डबक्या दिसल्या तं मी असाच धरीन."

"मंग तं शिकाच लागन," अश्विन पाय सोडवायला बघत म्हणाला. "इथून सुटलो तं तळेगाव काय चीज हाये."

तो काही सुटला नाही. कोर्टाचा शिपाई दारात येऊन बघू लागला, आणि भैयाजी पायरीवरूनच ओरडला, "काकू, जरा डावीकडून धरा, डावीकडून सुटाले त्याले त्रास होते."