तिसऱ्या पावलाची हाक

सत्तावन्न सालच्या फ्लूच्या साथीत मला माझ्या सख्ख्या बायकोने फसवलं.

आमचा मधू कोल्हापूरला कॉलेजात होता. वसतिगृहात साथ शिरली, पोरं भराभर आडवी झाली, कॉलेज बंद पडलं आणि मधू ताप घेऊन मालवणला आला. त्याला आम्ही नारळ साठवायच्या खोलीत वेगळं ठेवलं. ताट काठीने आत सरकवायचं. आठ दिवसांत ताप गेला, काठी मात्र राहिली. कारण मधू बाहेरच येईना. गणपती आले आणि गेले. आरतीच्या टाळ्याही त्याने आतूनच वाजवल्या!

डॉक्टर म्हणाले, अंगात काही नाही, मन बसलंय. बसलेला माल उठवणं हा तर माझा धंदा. (एका टोपलीवरून मी नारळाचा व्यापारी झालो तो तोंडाच्या जोरावर.) मी दाराशी बसून बोली लावली.

"पडयेत ये, सायकल घेतंय तुका."

"माका नको, बाबानू."

मग पडवी राहू दे, नुसतं उंबऱ्यापर्यंत येण्याबद्दल घड्याळ देऊ केलं. तेही नको. ज्याला काहीच नको, त्याच्याशी माणसाने सौदा करायचा कसा?

शेवटी ठेवणीतला डाव काढला. रागाने उठलो आणि चालू लागलो. गिऱ्हाईक उठलं की तिसऱ्या पावलाला मागून हाक येतेच. देवगडच्या आंबेवाल्यांनीही मला पाचव्या पावलापलीकडे जाऊ दिलेलं नाही. मी तीन पावलं टाकली. पाच टाकली. अंगण संपलं, माड संपले, वाळू लागली आणि पुढे समुद्र!

आता हाकेशिवाय वळणार तो व्यापारी कसला? एका होडीच्या सावलीत बसलो. सकाळचे आठ वाजले होते. शेजारचा बाबल्या दोनदा जवळून गेला आणि दोन्ही वेळा मान खाली घालून सटकला. सावली सरकली तसा मीही सरकलो. दुपार टळली. पोटात कावळे ओरडून दमले.

चारच्या सुमाराला दाढी वाढलेला मधू उन्हाने डोळे बारीक करत आला आणि काठीभर अंतरावर थांबला.

"बाबानू, घराक चला."

"आयेन धाडल्यान?"

"नाय. तुमका कोणच हाक मारी ना, म्हणान मीच इलंय."

मग वाळूकडे बघत तो बोलला. वसतिगृहातल्या खोलीतल्या सोबत्याला ताप याच्यापासूनच लागला होता. त्याला उचलून गावी नेलं, पुढे पत्र नाही. "माझ्यामुळां आये पडली तर?"

मी हात पुढे केला. "आधी माका उठय. पायांका मुंग्ये इलेत." तो जरा घुटमळला आणि मग हात धरला. तो हात घरापर्यंत मी सोडला नाही. सोबत्याच्या गावी पत्र घालायचं वाटेतच ठरलं.

डाव जिंकल्याच्या ऐटीत मी अंगणात शिरलो, आणि बाबल्याने बिंग फोडलं. बायकोने सकाळीच सगळ्या वाडीला बजावलं होतं, "त्येंका कोणी हाक मारूची नाय. मारतलो तो मधूच." वर तासातासाला ती नारळाच्या खोलीबाहेरून सांगत होती, की बापूस अजून उन्हातच बसलाय!

म्हणजे आठ तास मी गिऱ्हाईक नव्हतोच, माल होतो. तेही सोडा, पोरगा बाहेर आला. पण माझ्या वाटणीचे दोन बांगडे त्या दुपारी कोणी खाल्ले? घरात आजवर कोणी कबूल होत नाही. मला जबाब हवा.