वेशीवर उतरणारे सूर्यवंशी मामा

सूर्यवंशी मामा सायकलवर बसून कुठल्याच गावात शिरत नसत. पहिलं घर दिसलं की वेशीपाशी उतरायचे, सायकल हातात धरायची आणि गाव संपेपर्यंत चालत जायचं. शेवटचं घर मागे पडलं की पुन्हा टांग टाकायची. मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत निघालो तेव्हा माझी गिअरची सायकल सरळ गावात घातली आणि मारुतीच्या देवळापाशी त्यांची वाट बघत थांबलो. ते सावकाश आले. पारावरच्या दोघा-तिघांना रामराम घातला आणि मला म्हणाले, "सर, तीस वर्षं या गावातून हॉर्न वाजवत गेलो. कोंबड्या उडवत गेलो. आता तरी गुमान जाऊ द्या."

मामा एसटीचे ड्रायव्हर होते. निलंगा, औराद, कासारशिरसी, उदगीर, सगळा मुलूख त्यांनी स्टिअरिंगच्या मागून पाहिला होता. पाहिला म्हणजे काय, ते म्हणायचे, "समोरचं डांबर बघितलं. गाव कुठं बघितलं?" निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी काळी सायकल नीट करून घेतली आणि दर रविवारी सकाळी एकेका रस्त्याला लागले.

मी निलंग्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. घर नांदेडला, इथे खोली करून राहतो. कोरोनाच्या वर्षी कॉलेज बंद असताना पोट सुटायला लागलं म्हणून सायकल घेतली. खरोशाच्या चढावर एकदा धापा टाकत उभा होतो. मागून मामा आले, बिनगिअरच्या सायकलवर, पांढरा शर्ट, पँटला घोट्यापाशी क्लिप, डोक्याला टॉवेल. मला ओलांडून थोडं पुढे गेले आणि परत फिरले.

"सीट लई खाली हाय तुमची. गुडघे जातील." पिशवीतून पाना काढून त्यांनीच सीट वर केली. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, "चढाला बोलायचं न्हाई. वर गेल्यावर बोला." वर जाऊन आम्ही खूप बोललो. पुढच्या रविवारपासून जोडीने जायला लागलो.

आमच्याकडची जमीन सपाट नाही. लाटेसारखी उठते आणि बसते. एक चढ संपला की खाली हरभऱ्याचं नाहीतर उसाचं रान, ओढा, पूल, आणि पुन्हा चढ. चढाच्या माथ्यावरून पुढचं गाव दिसतं. आधी झाडं, मग पाण्याची टाकी, मग देवळाचं शिखर, दर्ग्याचा घुमट नाहीतर गढीचा ढासळलेला बुरूज. मामा माथ्यावर थांबायचे आणि मान हळूहळू या टोकापासून त्या टोकाकडे फिरवत सगळं बघायचे. त्यांची ती सवय मला आवडायची. मीही तसंच करायला लागलो होतो.

निलंग्याच्या जुन्या दगडी मंदिरात त्यांनी मला एका खांबापाशी उभं केलं. खांबावर आरसा घेतलेली एक बाई कोरलेली होती. "कधीपासून आवरून राहिली, अजून हिचं आवरंना," ते म्हणाले आणि तिच्या मनगटातल्या दगडी बांगड्यांवरून बोट फिरवत राहिले. लेणी असोत, दर्गा असो, ते आधी हात लावायचे, मग बघायचे. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, बाकी काही नाही. त्यांची बायको शांतामामी माझ्यापाशी तक्रार करायची, "हे घरच्या बुद्धवंदनेला कधी बसले न्हाईत, अन् आता साऱ्या जगाच्या देवांना भेटी देऊन राहिले." मामा शांतपणे म्हणायचे, "मी देवाला न्हाई जात. ज्यानं दगड घडवला त्याचा हात बघायला जातो."

सीमेकडच्या एका खेड्यात मिशनच्या काळातलं लहानसं चर्च आहे. कौलारू, दगडी भिंतींचं, बाहेर लिंबाच्या फांदीला घंटा टांगलेली. त्याची किल्ली सारामावशी नावाच्या म्हाताऱ्या बाईकडे असते. त्या भागात अर्धी बोली कानडी. आम्ही दिसलो की ती लांबूनच विचारायची, "ऊटा आयता, मामा?" जेवलात का. मामा भाकरीची पिशवी वर करून दाखवायचे.

त्या चर्चच्या समोरच्या भिंतीत वर रंगीत काचांची एक खिडकी आहे. सकाळी नऊच्या सुमाराला तिच्यातून लाल, निळा उजेड फरशीवर पडतो. गेल्या थंडीत गेलो तेव्हा मामा बाकावर बसून ती खिडकी बघत होते. एकेक काच बघावी तशी मान हलवत होते, जरा डावीकडे, जरा वर, पुन्हा खाली. मी म्हणालो, "निघायचं का मामा?" तर म्हणाले, "थांबा, अजून खालची राहिली." मग उठले, वळले आणि उघड्या दाराच्या चौकटीवर डावा खांदा जोरात आपटला. खाली बसले.

"मामा, दार रुंद हाय की," सारामावशी म्हणाली.

"हाव, मीच रुंद झालो," मामा म्हणाले आणि खांदा चोळत हसले. मावशी हसली. मला हसू आलं नाही, कारण मागच्याच आठवड्यात ते रस्त्याच्या डाव्या कडेने चाललेली शेळी उडवता उडवता राहिले होते. शेळीवाला ओरडला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, शेळीकडे नाही. शेळी त्यांना दिसलीच नव्हती.

लातूरला डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्यायला मला तीन आठवडे लागले. आज पाहुणे, उद्या लग्न, परवा सर्दी. शेवटी शांतामामीने डोळ्यांत पाणी आणलं तेव्हा तयार झाले. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी मामांना एका यंत्रासमोर बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी मागे उभा होतो. यंत्रात ठिपके चमकत असणार, आणि मामांचा अंगठा बराच बराच वेळ हलत नव्हता.

"काचबिंदू आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांना. कडेची नजर जवळजवळ गेलीय, मधली थोडी उरलीय. गेलेली परत येत नाही. उरलेली टिकवायचा प्रयत्न करू. घरात कोणाला होता का?"

"थोरल्या भावाला," मामा म्हणाले. "तो आंधळा होऊन गेला."

"मग तुम्ही आधी तपासायला का नाही आलात? वेळेवर थेंब सुरू झाले असते तर इथवर आलं नसतं."

मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उठले. बाहेर आल्यावर बाकावर बसले आणि चष्म्याची रिकामी डबी उघडबंद करत राहिले. मग स्वतःहूनच बोलले.

"मला ठाऊक होतं, सर. भावाचं बघितलं होतं मी. चार वर्षं झाली, बाजूचं कमी दिसून राहिलं. नळीतून बघितल्यासारखं. म्हणलं, दवाखान्यात गेलो की पहिली सायकल बंद करतील. त्याच्याआधी जेवढं होईल तेवढं बघून घ्यावं."

"पण मामा, आधी आला असता तर दिसत राहिलं असतं."

"ते आता कळलं," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, हे व्हायचंच हाय. भावाला कुणी कुठं नेलं होतं?"

मी रसायनशास्त्र शिकवतो. कोणत्या थेंबात काय असतं ते वाचून सांगू शकतो. चार वर्षांतली दोन वर्षं हा माणूस माझ्यापुढे सायकल चालवत होता, मान फिरवून फिरवून बघत होता, आणि मी ती सवय म्हणून उचलली होती.

त्यांची मुलगी संगीता नांदेडला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ती लगेच आली. तिने सायकल मागच्या खोलीत ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. महिनाभराने ती नांदेडला परत गेली, किल्ली मात्र शांतामामीकडे ठेवून गेली. मी दर रविवारी मामांकडे जाऊन बसायचो. चहा व्हायचा. ते दाराकडे तोंड करून बसायचे आणि कोणत्या रस्त्याचं काम निघालं, कुठल्या ओढ्याला पाणी आहे, असं विचारायचे. एका रविवारी म्हणाले, "एकदा न्या. सारामावशीपर्यंत. तुम्ही पुढं, मी मागं. तुमच्या मागच्या चाकावरून नजर हलवणार न्हाई."

मी नको म्हणालो. पुढच्या रविवारीही नको म्हणालो. तिसऱ्या वेळी शांतामामीनेच किल्ली आणून माझ्या हातात दिली. "जेवत न्हाईत हो," ती म्हणाली. "न्या एकदा."

आम्ही सकाळी सातला निघालो. मी सावकाश पुढे, खड्डा आला की हात खाली करून दाखवत होतो, मागून गाडी आली की ओरडून सांगत होतो. पहिला चढ मामा छान चढले. माथ्यावर आम्ही थांबलो. त्यांनी मान फिरवली, पण लवकरच थांबवली. "तुम्हीच सांगा काय दिसतं ते," म्हणाले. मी सांगितलं. करडईला फूल आलंय, ओढ्यावर दोन म्हशी आहेत, देवळाला नवा पिवळा रंग दिलाय. "पिवळा?" ते म्हणाले. "दगडाला कशाला रंग दिला?"

उतारावर उसाचा ट्रॅक्टर समोरून आला, मागे दोन ट्रॉल्या. रस्ता अरुंद. मी ओरडलो, "मामा, डावीकडे." ते डावीकडे गेले, आणि डावीकडेच त्यांना काही दिसत नव्हतं. रस्त्याची कड तुटलेली होती. चाक खाली गेलं आणि मामा सायकलसकट बाभळीच्या काट्यात पडले. ट्रॅक्टरवाला थांबला, त्यानेच उचलायला मदत केली. मनगट मोडलं होतं. मामा कण्हले नाहीत. मला विचारत होते, "सायकलचं काय झालं?" मी सांगितलं, पुढचं चाक वाकलंय. "मग बरं झालं, आता कुलूप नको," म्हणाले.

संगीता संध्याकाळी पोचली. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "सर, तुम्ही शिकलेले आहात," एवढंच म्हणाली. मला ते अजून ऐकू येतं. मामीने किल्ली दिली, मामा जेवत नव्हते, यातलं काहीही मी तिला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं?

प्लास्टर निघायच्या आत तिने दोघांना नांदेडला नेलं. निलंग्याच्या घराला कुलूप लागलं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मामांना भेटायला गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं घर, समोर दुसरी इमारत. मामा खुर्चीत बसले होते. मी जवळ जाईपर्यंत त्यांनी ओळखलं नाही. मग हात घट्ट धरला. थेंब वेळेवर घालतात का विचारलं तर म्हणाले, "हाव. घड्याळ लावून घालते ती." डाव्या डोळ्याला आता उजेड-अंधार एवढंच कळत होतं.

संगीता चहा करायला आत गेली. मामांनी मला खाली वाकवलं आणि कानाशी बोलले. "सर, एक काम करा. तिचे डोळे तपासून घ्यायला लावा. डॉक्टर बाईनं सांगितलं होतं, पोरांचंही बघा म्हणून. मी किती येळा म्हणलं. माझं ऐकून न घेता दुसरीकडं बोलणं नेते. मी काय तोंडानं जास्त सांगू?"

ती चहा घेऊन आली. मी इकडचंतिकडचं बोलून विषय काढला. म्हणालो, हे घराण्यात उतरतं, तुम्हीही एकदा बघून घ्या, लवकर कळलं तर नजर जात नाही. ती कप ठेवत होती. कपाची जागा तिने हाताने चाचपली का, की मलाच तसं वाटलं, मी ठरवू शकलो नाही.

"मला नीट दिसतं, सर," ती म्हणाली. "आता सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत. बघू, उन्हाळ्याच्या सुट्टीत."

मी दुसऱ्यांदा म्हणालो, मी सोबत येतो, उद्याच जाऊ. तिने मान हलवली, हसली आणि फराळाचं ताट आणायला पुन्हा आत गेली. मामा तिचा आवाज आला होता त्या बाजूला तोंड करून बसले. ती तिथून निघून गेल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

"जा ना बाई," ते रिकाम्या दाराकडे बघत म्हणाले. "जाऊन ये ना एकदा."