टाकलेल्या सामानाची यादी

आमच्या गल्लीत गाडी चालवता येणारी जितकी माणसं आहेत, त्यांतली निम्मी तरी क्लच मास्तरांच्या हाताखालून गेलेली आहेत. माझे यजमानही. हे नाव त्यांना गल्लीनेच दिलं, कारण शिकवताना ते बाकी फारसं बोलत नसत. गाडी वळो, थांबो की भिंतीला टेको, त्यांच्या तोंडून एकच शब्द यायचा, "क्लच!" यजमान म्हणायचे, "हा माणूस मला झोपेतही पाय दाबायला लावतो."

मास्तर आधी सैन्यात ट्रक चालवत. अठरा वर्षांची नोकरी करून परत आले आणि एक जुनी गाडी घेऊन त्यांनी शिकवणी सुरू केली. एक खोली, भिंतीवर रस्त्याच्या चिन्हांचा तक्ता, टेबलावर मधोमध कापलेला गिअरबॉक्स, आतली चाकं दिसावीत म्हणून. रोज सकाळी डिकी उघडून ते सामान बघत: स्टेपनी, जॅक, पाना, दोरी. शिकाऊ माणसालाही बघायला लावत. मग म्हणत, "अठरा वर्षं सरकारी गाडी चालवली. नावावर एक लाल शेरा नाही."

लाल शेरा म्हणजे नोकरीच्या नोंदीत लाल शाईने लिहिलेली शिक्षा. मास्तरांचं हे वाक्य गल्लीला पाठ होतं. त्यांच्या मुलाला ते महागात पडलं. तो बस डेपोत मेकॅनिक आहे. त्याने एकदा डेपोचा जॅक मित्राला एका रात्रीपुरता दिला आणि सकाळी परत आणताना पकडला गेला. महिनाभर घरी बसावं लागलं, लाल शेरा मिळाला. मास्तरांनी काय झालं ते विचारलं नाही, जेवता जेवता आपलं वाक्य म्हटलं. मुलगा बायकोला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. त्यानंतर नऊ वर्षं तो रविवारी आईला भेटायला येई, तेही दहा वाजता, मास्तर शिकवायला बाहेर पडले की.

पदकांचं प्रकरण निघालं ते सैनिक संघाच्या फलकावरून. मास्तर बावीस वर्षांचे असताना जी लढाई झाली, तीत प्रत्यक्ष लढलेल्यांची नावं संघाच्या हॉलमध्ये लावायची ठरली. रेकॉर्ड ऑफिसकडून यादी आली. तीत मास्तर नव्हते. त्यांच्या नोंदीप्रमाणे ती सगळी लढाई त्यांनी मागच्या तळावर, वर्कशॉपमध्ये काढली होती. लढाईचं पदक नाही, जखमेचं पदक नाही.

संघाच्या सेक्रेटरींना सगळे भोंगा म्हणतात. त्यांना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत भाजीवाल्यालाही ठाऊक असते. भर बैठकीत ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही मागेच होता म्हणे. नटबोल्ट तरी नीट आवळले होते ना?" लोक हसले. मास्तरांनी संघात जाणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. माझं अक्षर बरं आहे आणि मला अर्ज लिहायची सवय आहे, एवढंच कारण.

"वहिनी, मी वर्कशॉपमध्ये नव्हतो," ते म्हणाले. "माझा ट्रक होता."

मग मला हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या कंपनीत माणसाची हजेरी गाडीच्या नंबरापुढे लिहीत. त्यांच्या ट्रकचं इंजिन बसलं, ट्रक वर्कशॉपमध्ये गेला, म्हणून कारकुनाने ड्रायव्हरही वर्कशॉपमध्ये लिहिला. पण लढाई पेटली तेव्हा दुसऱ्या कंपनीचा एक अधिकारी तिथे आला, "ट्रक चालवता येतो? चल," म्हणाला आणि त्यांना घेऊन गेला. तोंडी हुकूम, परका ट्रक, परकी कंपनी. एकोणीस दिवस त्यांनी पुढच्या रस्त्यावरून जखमी खाली आणले. खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा घुसला, तो कुणीतरी तंबूत काढला. लढाई संपल्यावर ते परत आले तेव्हा त्यांचा ट्रक दुरुस्त होऊन उभा होता. कारकुनाच्या लेखी कुणी कुठे गेलंच नव्हतं.

मी अर्ज लिहिला. सात आठवड्यांनी उत्तर आलं: पुरावा जोडावा. तो अधिकारी वारला होता. बरोबरचा क्लीनर कधीच गेला होता. मी विचारलं, "त्या दिवसांची तारीख असलेला एखादा कागद? चिठ्ठी, पावती, काहीही?"

"नाही," मास्तर म्हणाले. विचार न करता म्हणाले. त्याच दिवशी मी वहीत लिहून ठेवलं की मास्तर काहीतरी लपवताहेत.

दहा दिवसांनी ते परत आले. चहा नको म्हणाले. खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"हा पाठवायचा नाही. फक्त सांगा, चालेल का."

मी कागद उघडला. तो शिक्षेचा कागद होता, त्या दुसऱ्या कंपनीचा. तारीख लढाईच्या नवव्या दिवसाची. पुढच्या रस्त्यावर, अकराव्या मैलाजवळ, वरिष्ठांची परवानगी न घेता खालील सरकारी सामान टाकून दिल्याबद्दल: स्टेपनी एक, हत्यारांची पेटी एक, ताडपत्र्या दोन, पाण्याचे रिकामे डबे चार, लाकडी बाक दोन. लढाई संपल्यावर चौदा दिवसांची कैद. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं: डाव्या खांद्यात गोळ्याच्या तुकड्याची जखम, ओली, कष्टाचं काम देऊ नये.

जागा, तारीख, जखम, सगळं एका कागदावर होतं. याहून चांगला पुरावा रेकॉर्ड ऑफिसने स्वतः मागितला असता तरी मिळाला नसता.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"हा कागद रेकॉर्ड ऑफिसकडे कधी पोचलाच नाही, वहिनी. मी वर्कशॉपमध्ये होतो ना. वर्कशॉपमधल्या माणसाला मैल अकरावर शिक्षा कशी होणार? कुणी नोंदच केली नाही."

मला समजायला थोडा वेळ लागला. ज्या चुकीने त्यांची पदकं गेली होती, तिनेच त्यांची शिक्षाही झाकली होती. नावावर लाल शेरा नाही, हे ते इतकी वर्षं खरंच बोलत होते. आता एक दुरुस्त करायचं तर दुसरं उघडं पडणार. शिवाय अर्ज संघामार्फतच जातो. म्हणजे तो भोंग्याच्या टेबलावरून जाणार.

"बाहेरून कळण्यापेक्षा घरात आधी सांगा," मी म्हटलं.

"तुम्ही वाचून दाखवाल? माझा चष्मा हल्ली..."

त्यांचा चष्मा ठीक होता. पण मी गेले.

रविवारी दहा वाजता मास्तर बाहेर पडले नाहीत. मुलगा आला आणि वडिलांना स्वयंपाकघरात बसलेले बघून दारातच थांबला.

"येतो मी, आई."

"बस," मास्तरीणबाई म्हणाल्या. "काहीतरी वाचायचंय म्हणतात. इच्छापत्र असेल. निदान कुणाला काय मिळतंय ते तरी ऐकून जा."

मी वाचलं. सामानाची यादी आली तसा मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाक पण टाकले?" त्याने विचारलं.

"बाकांवर माणसं बसतात," मास्तर टेबलाकडे बघत म्हणाले. "ही जखमी माणसं आडवी होती."

"आणि स्टेपनी?"

"स्टेपनीच्या जागेत एकजण पाय पोटाशी घेऊन मावतो."

मग मुलगा म्हणाला, "म्हणजे बाबा, तुम्ही खोटं नाही बोललात. नावावर खरंच शेरा नव्हता." आवाज चढला नव्हता. त्याने चप्पल घातली आणि गेला.

मास्तर उठायला लागले तशा मास्तरीणबाई म्हणाल्या, "बसा. सामान टाकलंत त्याचं मला काही नाही. माणसांपुढे बाकडी कसली घेऊन बसलात! पण नऊ वर्षं माझ्या मुलाला मी चोरून भेटले. तुमची गाडी वळणाआड गेली की दार उघडायचं. त्या एका वाक्यासाठी? आणि हा कागद इतकी वर्षं ट्रंकेत?"

मास्तरांनी कागद पाकिटात घातला. तो माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पाठवा."

भोंग्याने आपलं काम चोख केलं. दुसऱ्या दिवशी वाण्याने मला विचारलं, "मास्तर तुरुंगात होते म्हणे?" शिकवणीतल्या दोघांनी नावं काढून घेतली. एक बाई मात्र नव्याने आली, म्हणाली, कधीतरी चुकलेला माणूस शिकवायला बरा.

तीन महिन्यांनी सुनावणीला बोलावलं. कागद सांभाळायला म्हणून मीही गेले. लांब खोली, कपाटांना नंबर, खिडकीत बंद पंखा. समोरची अधिकारी पस्तिशीची असेल. तिने कागद दोनदा वाचला.

"हा इतकी वर्षं दिला का नाहीत?"

"कुणी मागितला नाही."

"आणि आता?"

"आता मला काहीतरी मागायचं होतं."

ती म्हणाली, "हा नोंदवला तर शिक्षाही नोंदवावी लागेल, काका. एकाच दिवशी अर्धे तिथे आणि अर्धे वर्कशॉपमध्ये, असं मला लिहिता येणार नाही."

"पूर्ण तिथेच होतो, मॅडम."

तिने लिहून घेतलं. मग विचारलं, "किती जखमी आणलेत?"

"माहीत नाही. सामान त्यांनी मोजलं होतं. माणसं कुणी मोजली नाहीत."

निकाल यायला आणखी पाच महिने गेले. नोंद दुरुस्त झाली. दोन्ही पदकं मान्य, त्यांच्याखाली लाल शाईत चौदा दिवसांची कैद. भोंगा स्वतः पत्र घेऊन धावत आला. "मास्तर, शिक्षेविरुद्ध अपील करू. जीव वाचवायला टाकलं होतं, नक्की रद्द होईल."

"टाकलं होतं," मास्तर म्हणाले. "परत आणलं नाही. राहू दे."

फलकावर त्यांचं नाव लागलं, पण सगळ्यांत खाली, जागा तिथेच उरली होती. रंगाऱ्याला अक्षरं जरा बारीक करावी लागली. पदकं टपालाने पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली. मास्तरीणबाईंनी ती बाहेर काढली, पुसली आणि म्हणाल्या, "छान आहेत. आता शर्ट बदला. मुलाकडे जायचंय."

पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर. मास्तर शहात्तर वर्षांचे, दर मजल्यावर थांबत चढले. मुलाने दार उघडलं, पण बाजूला झाला नाही.

मास्तर दम खात म्हणाले, "तुझ्या जॅकचं मी न विचारता बोललो. ते चुकलं."

"नऊ वर्षांनी?"

"दुरुस्तीला वेळ लागतो. आमच्या ऑफिसला चोपन्न लागली."

मुलगा हसला नाही. सूनबाई आतून म्हणाली, "अहो, दारात काय उभे करता, आईंचे गुडघे बघा," तेव्हा तो बाजूला झाला. आत गेल्यावर मास्तरांनी विचारलं की तो जॅक मित्राला कशाला हवा होता. मुलाने सांगायला सुरुवात केली. मित्राची गाडी, तुटलेला एक्सल, दुसऱ्या दिवशी बहिणीला परीक्षेला पोचवायचं होतं. मास्तर मधेमधे प्रश्न विचारत होते: कोणती गाडी, एक्सल कुठून तुटला, खाली ठोकळे लावले होते का. ठोकळे लावले नव्हते, हे कळल्यावर दोघांचं चांगलंच वाजलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी आपली खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. भांडू देत म्हटलं."

संध्याकाळी परतताना मुलगा त्यांना सोडायला गाडीपर्यंत खाली आला आणि मास्तरांनी त्याला चालवायला गाडीची किल्ली दिली.